हंगाम सरताना टार्पन : पुण्यात तयारी करून फ्लोरिडाच्या खाऱ्या पाण्यात फ्लाय फिशिंगला जाणाऱ्यांसाठी

नोकरीच्या निमित्ताने, शिक्षणासाठी किंवा मुलांकडे राहायला म्हणून पुण्यातून फ्लोरिडाला जाणारी माणसे आता घराघरांत सापडतात, आणि त्यांच्यापैकी ज्यांना गळाची आवड आहे ते तिथे पोहोचल्यावर टार्पन या मोठ्या, झुंजार सागरी माशाची चौकशी करतातच. जुलैनंतर चौकशी केली तर बहुधा एकच उत्तर मिळते : हंगाम एप्रिल ते जूनचा, आता उशीर झाला. हे उत्तर मोठ्या माशांपुरते बरोबर आहे. वसंतात फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाची बेटे, म्हणजे फ्लोरिडा कीज, आणि पश्चिम किनाऱ्यावरचे बोका ग्रांडे यांच्या परिसरातून जाणारे तीस-चाळीस किलोंपासून सत्तर किलोंपर्यंतचे टार्पन अंडी घालण्यासाठी खोल समुद्राकडे वळतात आणि जुलैच्या मध्यापासून किनाऱ्यालगत विरळ होत जातात. मात्र कांदळवनांतल्या खाड्यांमध्ये वर्षभर राहणारे दोन ते दहा-पंधरा किलोंचे टार्पन तिथेच असतात, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकणाऱ्या बोय माशांच्या थव्यांमागे मोठे टार्पनही पुन्हा दिसू लागतात. नवख्या माणसाने उशिराचाच हंगाम निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या काळात बोटींची गर्दी ओसरलेली असते, चांगले गाइड मोकळे सापडतात, मासा लहान असला तरी स्वभावाने तितकाच तडफदार असतो आणि बहुतेक वेळा फ्लाय, म्हणजे पिसे-केस बांधलेला हलका गळ, दहा ते पंधरा मीटरच टाकावी लागते. फक्त ती दहा-पंधरा मीटर अचूक आणि झटपट टाकता आली पाहिजे, आणि ते कौशल्य बोटीवर उभे राहून येत नाही. ते निघण्यापूर्वी, इथे पुण्यातच, हातात बसवून घ्यावे लागते. म्हणून या लेखाचा मोठा भाग घरच्या तयारीसाठी दिला आहे.

आधी मासा समजून घ्यावा

टार्पनच्या शरीराच्या चारपाच गोष्टी माहीत असल्या की पुढच्या सगळ्या सूचनांचे कारण आपोआप कळते. पहिली गोष्ट म्हणजे हा मासा कल्ल्यांबरोबरच हवेतूनही श्वास घेतो. त्याचा वाताशय घशाशी जोडलेला असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि पाठ दाखवत सावकाश पुन्हा खाली जातो. यालाच तिथे रोल करणे म्हणतात. कोमट, गढूळ, प्राणवायू कमी असलेल्या खाडीत इतर मोठे मासे टिकत नाहीत तिथे टार्पनची पिल्ले वाढतात ती याच सोयीमुळे, आणि नवख्याला मासा कुठे आहे ते कळते तेही याच सवयीमुळे. दुसरी गोष्ट, त्याचा खालचा जबडा पुढे आलेला आणि वरच्या दिशेला वळलेला असतो, डोळे मोठे असतात आणि तो आपल्या वरचे भक्ष्य पाहून खातो. फ्लाय त्याच्या खाली गेली तर बहुधा तो तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तिसरी, तोंडाचा आतला भाग हाडासारखा कठीण असतो, त्यामुळे गळ रुतवायला ताकद लागते. त्याचे दात बारीक आणि ओठ कानशीसारखे खरखरीत असतात, त्यामुळे पातळ तंगूस काही मिनिटांत घासून तुटते. चौथी, तो गळाला लागल्याबरोबर पाण्याबाहेर उसळ्या मारतो.

आणखी एक गोष्ट मनाशी ठेवावी. टार्पन फार सावकाश वाढतो आणि फार जगतो. शिकागोच्या शेड मत्स्यालयात १९३५ साली आणलेला एक टार्पन १९९८ पर्यंत जिवंत होता. फ्लाय रॉडवरचा विक्रमी टार्पन २००१ साली फ्लोरिडातल्या होमोसासाजवळ मिळाला, २०२ पौंड ८ औंसांचा, म्हणजे जवळजवळ ९२ किलोंचा. इतका मोठा मासा कित्येक दशके समुद्रात काढलेला असतो. हा मासा खाण्यासाठी पकडत नाहीत. फ्लोरिडात २०१३ पासून तो पकडून सोडून देणे बंधनकारक आहे, विक्रमाच्या नोंदीसाठी विशेष टॅग घेतलेला असेल तरच अपवाद होतो, आणि ४० इंचांहून, म्हणजे सुमारे एक मीटरहून, लांब मासा पाण्याबाहेर काढणेही नियमाविरुद्ध आहे. आपल्या किनाऱ्यावरही टार्पनचा एक भाऊबंद, इंडो-पॅसिफिक टार्पन, आढळतो. तो आकाराने बराच लहान असतो, पण हवेचा घोट घेण्याची सवय त्यालाही आहे.

साहित्य

ज्याने आजवर शिशाचे वजन लावून गळ टाकला आहे त्याने एक फरक नीट समजून घ्यावा. नेहमीच्या गळात वजन टोकाला असते आणि ते तंगूस ओढत नेते. फ्लाय म्हणजे गळावर पिसे, केस आणि दोरा बांधून केलेले भक्ष्याचे रूप; तिला जवळजवळ वजनच नसते. वजन असते ते जाड, वेष्टन दिलेल्या फ्लाय लाइनला, आणि रॉडने ती लाइन हवेत फेकली की फ्लाय तिच्यामागून जाते. त्यामुळे रॉड आणि लाइन एकाच क्रमांकाचे असावे लागतात. उशिराच्या हंगामातल्या लहान टार्पनसाठी ८ किंवा ९ वेटचा (वेट म्हणजे हाच क्रमांक), नऊ फुटी, चार तुकड्यांत सुटणारा रॉड पुरतो. थव्यांमागच्या मोठ्या माशांसाठी ११ किंवा १२ वेट लागतो. एकच घ्यायचा असेल तर ९ वेटचा घ्यावा आणि मोठा रॉड गाइडचा वापरावा. जवळजवळ सर्व गाइड साहित्य देतात, त्यामुळे पहिल्याच फेरीसाठी महागडे दोन-दोन संच विकत घेण्याची गरज नाही. सरावापुरता मात्र स्वतःचा रॉड असलाच पाहिजे.

रील खाऱ्या पाण्यासाठी बनवलेले, बंदिस्त ड्रॅगचे, म्हणजे लाइन सुटताना तिला अडवणाऱ्या ब्रेकचे, असावे आणि त्यावर फ्लाय लाइनखाली लहान माशांसाठी दीडशे, मोठ्यांसाठी किमान दोनशे मीटर बॅकिंग, म्हणजे बारीक राखीव दोरा, बसले पाहिजे. लाइन उष्ण प्रदेशासाठी बनवलेली तरंगती घ्यावी, कारण थंड पाण्यासाठीची लाइन तिथल्या उन्हात मऊ पडते आणि रॉडच्या कड्यांतून सरकत नाही. लीडर, म्हणजे फ्लाय लाइन आणि फ्लाय यांना जोडणारे तंगूस, साधारण नऊ फुटांचा ठेवावा : मागे ५० पौंडी जाड भाग, मध्ये २० पौंडी टिपेट, म्हणजे सर्वांत कमी ताकदीचा भाग, आणि फ्लायच्या आधी हातभर फ्लुओरोकार्बनचे जाड तंगूस, लहान माशांसाठी ४० पौंडी आणि मोठ्यांसाठी ६० ते ८० पौंडी. लाइन पूर्ण ताणली की सर्वांत आधी टिपेट तुटावे आणि बाकीचे सगळे आपल्या हातात राहावे, ही या रचनेमागची योजना आहे.

फ्लायच्या बाबतीत नवखे लोक विनाकारण गोंधळतात. पावसाने फुगलेल्या एव्हरग्लेड्सच्या, म्हणजे दक्षिण फ्लोरिडातल्या दलदलीच्या प्रदेशाच्या, खाड्यांचे पाणी काळसर चहाच्या रंगाचे असते. अशा पाण्यात काळी किंवा जांभळी फ्लाय वापरावी, कारण तिची आकृती खालून आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. स्वच्छ, वाळूच्या तळाच्या पाण्यात फिकट तपकिरी किंवा ऑलिव्ह रंग चालतो. पहाटे पृष्ठभागावर बुडबुडे काढत येणारी फोमची गर्गलर जवळ असावी. या तीन प्रकारांच्या दोन-दोन फ्लाय पुरेत, आणि त्या तिथेच विकत घ्याव्यात. ज्यांना स्वतः फ्लाय बांधायची हौस आहे त्यांनी मोरपिसाच्या फ्लाय सोबत नेऊ नयेत, कारण आपल्याकडे मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे. गळ, पक्कड आणि कात्री हातातल्या बॅगेत न ठेवता चेक-इन सामानात टाकावी. रॉडची नळी केबिनमध्ये चालते की नाही ते विमान कंपनीला आधीच विचारून घ्यावे.

पोलराइज्ड चष्मा मात्र सर्वांत चांगला घ्यावा. पैसे वाचवायचेच असतील तर रॉडवर वाचवावेत. उथळ पाण्यासाठी तपकिरी किंवा तांबूस काचा उत्तम, कारण पाण्याची चमक कापून मासा दिसला नाही तर पुढचे काहीच होत नाही.

मैदानावरचा सराव

निघण्यापूर्वी किमान दोन महिने, आठवड्यातून तीनचार वेळा, प्रत्येकी अर्धा तास सराव करावा. एका रविवारी तीन तास सलग काढण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी ठरते, कारण दमलेला हात चुकीची सवय पटकन उचलतो. यासाठी पाण्याची गरज नाही, आणि खडकवासल्याच्या किंवा पानशेतच्या काठावर परवानगीचे प्रश्न असतात, म्हणून तिथे जाण्याचा आग्रहही धरू नये. कोथरूड, औंध, हडपसर, कुठेही शाळेचे गवताचे मैदान परवानगीने पहाटे मिळाले तर बस्स आहे. पुढेमागे पंचवीस-पंचवीस मीटर मोकळे असावे. सिमेंटच्या किंवा डांबराच्या जागेवर लाइनचे वेष्टन खरवडून निघते, त्यामुळे गच्ची किंवा सोसायटीचा पार्किंग टाळावा. गळाऐवजी लीडरच्या टोकाला तुळशीबागेतून आणलेल्या लोकरीचा बोटभर तुकडा बांधावा, गॉगल आणि टोपी घालावी, आणि फिरायला येणाऱ्यांची वाट आपल्या मागे येणार नाही अशी जागा निवडावी.

सुरुवात आठ-नऊ मीटर लाइनने करावी. रॉडचे टोक जमिनीजवळ, लाइन समोर सरळ ताणलेली, अंगठा मुठीच्या वर. हात सावकाश सुरू करून वेग वाढवत मागे न्यावा आणि रॉड खांद्याच्या थोडा मागे जाताच एकदम थांबवावा. त्या थांबण्यामुळेच रॉडमध्ये साठलेली शक्ती लाइनमध्ये जाते आणि लाइनचा वेटोळा मागे उलगडतो. तो पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे, मान वळवून बघायला अजिबात संकोच करू नये, आणि मग तसाच वेग वाढवत पुढे येऊन पुन्हा एकदम थांबावे. मागे चाबकासारखा फटकारा ऐकू आला तर पुढची हालचाल घाईने सुरू झाली असे समजावे; लाइन मागच्या गवतात पडत असेल तर मनगट मोडून रॉड फार मागे जात आहे. वेटोळा अरुंद होऊ लागला की डाव्या हाताचा ओढा शिकावा, ज्याला डबल हॉल म्हणतात : रॉडचा वेग शिगेला पोहोचतो त्याच क्षणी डाव्या हाताने लाइन वीतभर खाली ओढायची आणि ताण सैल न पडू देता हात परत वर न्यायचा, मागच्या फेकीला एकदा आणि पुढच्या फेकीला एकदा. हे सुरुवातीला अवघड वाटते. लाइन बाजूला गवतावर आडवी टाकून, हवेत न ठेवता, प्रत्येक हालचालीनंतर थांबून केले तर आठवड्याभरात लय सापडते. खाऱ्या पाण्यावरच्या वाऱ्यात याशिवाय फ्लाय पोहोचत नाही.

जून ते ऑगस्टमध्ये पुण्यात पश्चिमेचा वारा भरपूर असतो. तो टाळू नये, त्याचा उपयोग करून घ्यावा. उजव्या हाताने टाकणाऱ्यासाठी सर्वांत धोक्याचा वारा उजवीकडून येणारा, कारण तो लाइन आणि तिच्या टोकाचा गळ अंगावर आणतो. अशा वेळी लक्ष्याकडे पाठ करून उभे राहावे आणि मागच्या फेकीवरच फ्लाय सोडावी. ही फेक मैदानावर वाऱ्यात उभे राहून शिकलेली असली तर बोटीवर गाइडच्या चेहऱ्याजवळून गळ जाण्याची वेळ येत नाही.

लाइन सरळ पडू लागली की खरा अभ्यास सुरू होतो. चार घमेली घ्यावीत आणि दहा, बारा, पंधरा आणि अठरा मीटरवर वेगवेगळ्या दिशांना ठेवावीत. आपण जिथे उभे आहोत ते बोटीचे नाक समजावे. समोरची दिशा बारा वाजता, डावीकडची काटकोनातली नऊ वाजता, उजवीकडची तीन वाजता. आता मित्राला किंवा घरातल्या कुणाला तरी मागे उभे करून दिशा आणि अंतर मोठ्याने सांगायला लावावे : दहा वाजता, चाळीस फूट. अंतर फुटांतच सांगायला लावावे, कारण तिथला गाइड मीटर वापरत नाही आणि त्या घाईत मनात हिशेब करायला वेळ नसतो. चाळीस फूट म्हणजे बारा मीटर, साठ फूट म्हणजे अठरा, हे कानाला सवयीचे झाले पाहिजे. तयारीच्या स्थितीत डाव्या हातात लोकरीचा तुकडा, रॉडच्या टोकाबाहेर तीन मीटर लाइन आणि उरलेली लाइन पायाशी सैल वेटोळ्यांत असावी. सूचना मिळताच तुकडा सोडून, हवेत दोनच झुलवण्या करून, तिसऱ्या फेकीला घमेल्यापर्यंत पोहोचायचे. पाच-सहा सेकंदांत हे जमले पाहिजे. चार-पाच झुलवण्या घेणाऱ्याची फेक दिसायला सुंदर असते, पण तोवर मासा निघून गेलेला असतो.

दुसरा सराव हातातली जुनी सवय मोडण्याचा आहे. आपल्याकडे गळ टाकणारा प्रत्येक जण मासा लागला की काठी वर उचलतो. मुळा-मुठेच्या काठावर लहानपणी शिकलेली ही हालचाल इतकी पक्की असते की ती विचार न करता होते. टार्पनच्या कठीण तोंडातून अशा उचलण्याने गळ निसटून येतो. इथे रॉडचे टोक माशाकडे, पाण्याच्या जवळ ठेवून डाव्या हाताने लाइन सरळ मागे लांब ओढायची असते. मैदानावर मित्राच्या हातात लाइनचे टोक द्यावे. आपण हप्त्याहप्त्याने लाइन आत घेत राहावी, त्याने मनाला येईल तेव्हा टोक घट्ट धरावे, आणि प्रत्येक वेळी रॉड न हलवता डावा हात मांडीमागेपर्यंत ओढावा. रॉड एकदाही वर गेला नाही असे पंधरा-वीस वेळा ओळीने होईपर्यंत हा सराव सोडू नये. माझ्या पाहण्यात हातातून गेलेल्या टार्पनपैकी सर्वांत जास्त याच एका हालचालीने गेले आहेत.

तिसरे, घरात करण्याचे काम. खिडकीच्या ग्रिलला ताणकाटा बांधून त्याला लीडर अडकवावा आणि दूर जाऊन रॉड उंच धरून ओढावे. रॉड सुरेख वाकतो, पण काटा फारसा हलत नाही. मग रॉड खाली, कमरेच्या बाजूला आडवा धरून, टोकाऐवजी बुंध्याकडच्या भागाने ओढावे आणि काट्याकडे बघावे. मोठ्या माशाला थकवायचे ते या दुसऱ्या पद्धतीने. त्याच ताणकाट्यावर ड्रॅगही बसवून घ्यावा. २० पौंडी टिपेटसाठी दोन ते सव्वादोन किलोंवर लाइन सुटू लागली म्हणजे बरोबर.

एखादा शनिवार-रविवार काढून ताम्हिणी घाटाने श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वरकडे, खाडीच्या मुखाशी, भरती-ओहोटी पाहण्यात घालवता आला तर फार चांगले. तिथे बोय माशांचा थवा उथळ पाण्यात कसा सरकतो आणि खालून जिताडा आला की कसा उधळतो, हे पाहिलेल्या डोळ्यांना फ्लोरिडातले दृश्य परके वाटत नाही. करडा बोय हा दोन्हीकडच्या किनाऱ्यांवर एकाच जातीचा आहे.

तारीख, परवाना, भरती आणि वादळ

जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्याने एव्हरग्लेड्स, चोकोलोस्की आणि टेन थाउजंड आयलंड्सच्या खाड्या धराव्यात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जाणाऱ्याने पूर्व किनारा, म्हणजे सबॅस्टियन इनलेटपासून पाम बीचपर्यंतचा पट्टा बघावा. फ्लोरिडात परगावच्या माणसाला खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना लागतो. सात दिवसांचा ३० डॉलर आणि वर्षाचा ४७ डॉलर हे मूळ दर आहेत. परवानाधारक गाइडच्या बोटीवर त्याच्या परवान्यात आपण येतो, पण किनाऱ्यावरून एकट्याने टाकायचे असेल तर स्वतःचा हवा. किनाऱ्यावरून टाकण्याचा जो मोफत परवाना ऐकिवात येतो तो फक्त तिथल्या रहिवाशांसाठी आहे.

गाइड ठरवताना आपण नवखे आहोत हे स्पष्ट सांगावे, आपल्याला अचूक किती अंतर जमते ते फुटांत सांगावे आणि लहान टार्पनच्या खाड्यांत जायचे आहे असे म्हणावे. दोघांत एक बोट घेऊन आळीपाळीने नाकावर उभे राहिल्यास खर्च अर्धा होतो, आणि दुसऱ्याची फेक पाहूनही पुष्कळ शिकता येते. बक्षिशीची पद्धत तिथे पक्की आहे. भाड्याच्या १५ ते २० टक्के धरून ठेवावेत.

कोकणातल्या भरतीची सवय असलेल्याला एक गोष्ट वेगळी वाटेल. अलिबागकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढते, तर फ्लोरिडा कीजमध्ये सगळा चढउतार अर्ध्या-पाऊण मीटरचा असतो. पण तिथले पाणीच इतके उथळ आहे की वीतभर फरकाने मासे जागा बदलतात. स्थिर पाण्यात टार्पन बहुधा खात नाही; पाणी वाहते असावे, आणि पहाट व वाहते पाणी एकत्र येतील असा दिवस निवडावा. उशिराच्या हंगामात दुपारी पाणी तापते, माशाची भूक मंदावते आणि जवळजवळ रोज गडगडाटी पाऊस येतो. त्यामुळे उजाडायच्या आधी निघून अकरा-साडेअकरापर्यंत परतणे शहाणपणाचे. ग्रॅफाइटचा रॉड वीज ओढून घेतो. गडगडाट ऐकू आल्याबरोबर रॉड खाली ठेवून निवाऱ्याला जावे, त्यात गाइडशी वाद घालू नये.

अटलांटिकच्या चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि सप्टेंबरच्या पूर्वार्धात त्यांचा जोर सर्वाधिक असतो. तिकिटे आणि खोली बदलता येतील अशीच घ्यावीत, आणि आठवडाभर आधीपासून नॅशनल हरिकेन सेंटरचा अंदाज रोज पाहावा. कांदळवनात डास आणि डोळ्यांना न दिसणारी बारीक चिलटे प्रचंड असतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याला बफ (नळीसारखा पातळ स्कार्फ) आणि हातमोजे हवेत. एव्हरग्लेड्समधल्या फ्लेमिंगो या ठिकाणाच्या परिसरात मगरी आणि अॅलिगेटर दोन्ही आहेत. बोटीच्या काठावरून पाय पाण्यात सोडून बसू नये.

बोटीच्या नाकावर

आता प्रत्यक्ष पाण्यावर. नाकावर अनवाणी किंवा पातळ मोज्यांनी उभे राहावे, म्हणजे लाइन पायाखाली आली तर कळते. गाइड मागच्या मचाणावरून काठीने बोट ढकलत असतो आणि आपल्यापेक्षा उंच असल्यामुळे त्याला मासा आधी दिसतो. त्याने दिशा आणि अंतर सांगितले की रॉडचे टोक त्या दिशेला रोखावे. त्याने थोडे उजवीकडे-डावीकडे असे सांगून नेमके केल्यावरच फ्लाय सोडावी. मासा दिसत नसेल तर दिसत नाही असे सांगावे. अंदाजाने टाकलेली फ्लाय माशाच्या डोक्यावर पडते आणि सगळा गट उधळतो.

सावकाश, एकामागून एक रोल करणारे मासे आनंदात असतात असे तिथले गाइड मानतात; घाईने, अर्धवट वर येऊन खळकन बुडणारे मासे घाबरलेले असतात, त्यांचा पाठलाग सोडून द्यावा. रोल करणाऱ्या माशाचे तोंड कोणत्या बाजूला गेले ते पाहून त्याच्या वाटेवर दीड-दोन मीटर पुढे फ्लाय टाकावी. सावलीत स्थिर तरंगत असलेल्या माशासाठी फ्लाय त्याच्या थोडी पुढे आणि पलीकडे टाकून त्याच्या नजरेच्या पातळीच्या वर आणावी. फ्लाय कधीही माशाच्या अंगावर चालून जाताना दिसू नये. भक्ष्य शिकाऱ्याकडे पळत नाही, आणि टार्पनला हे चांगले कळते. लाइन उजव्या तर्जनीखाली धरून डाव्या हाताने वीत-दीड वीत ओढावी, आणि मासा मागे लागला तर थांबू नये, तोच वेग ठेवावा किंवा किंचित वाढवावा.

पाण्यात चांदीसारखी झळाळी उलटली किंवा तोंड उघडलेले दिसले तरी हात आवरावा. डाव्या हाताला वजन लागल्यावरच लांब ओढावे, आणि मासा बोटीकडे येत असेल तर ताण येईपर्यंत ओढतच राहावे. गळ रुतला की मासा पळतो आणि पायाशी पडलेली लाइन उड्या मारत वर येते. या दोन-तीन सेकंदांत माशाकडे पाहू नये, लाइनकडे पाहावे : डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने कडे करून तिला त्यातून जाऊ द्यावे, रीलचा दांडा शरीरापासून दूर ठेवावा, आणि सगळी लाइन रीलवर गेली की मगच मान वर करावी.

मासा उसळला की रॉड त्याच्याकडे पुढे झुकवून लाइन सैल सोडावी. पाण्यात त्याचे वजन पाणी तोलते. हवेत ते सगळे वजन झटक्यासह ताणलेल्या टिपेटवर येते आणि टिपेट तुटते किंवा गळ सुटतो. मासा पाण्यात परतला की लगेच ताण घ्यावा. त्यानंतर ग्रिलवर शिकलेली पद्धत वापरावी : रॉड खाली आणि आडवा, मासा डावीकडे गेला तर उजवीकडे ओढ, उजवीकडे गेला तर डावीकडे. तो हवेचा घोट घ्यायला वर येऊ लागला की रॉडचे टोक पाण्यात घालून त्याला खाली ओढावे, कारण प्रत्येक घोटाबरोबर त्याच्या अंगात पुन्हा बळ येते.

उशिराच्या हंगामात एक निर्णय आधीच, शांत डोक्याने घेऊन ठेवावा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि लांबलेल्या झुंजीने दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. लहान मासा दहा मिनिटांत, मोठा अर्ध्या तासात बोटीपाशी आला नाही, तर रॉड त्याच्याकडे रोखून लाइन हाताने धरावी आणि टिपेट तोडून त्याला मोकळे करावे. शार्क दिसला तर अर्धा तास तर सोडाच, अर्धे मिनिटही थांबू नये. ताण काढून लगेच तोडावे, म्हणजे टार्पनला निदान पळून जाण्याची संधी मिळते. मासा बोटीपाशी आणून त्याला हात लावण्याच्या मोहापायी या दोन सूचना बाजूला ठेवल्या जातात, म्हणून त्या इतक्या आग्रहाने लिहिल्या आहेत.

गळाचा उलटा काटा पाण्यावर जाण्यापूर्वीच पकडीने दाबून सपाट केलेला असावा. मासा बाजूला आल्यावर ओल्या हातमोज्याने खालचा जबडा धरावा, गळ काढावा आणि छायाचित्र माशाला पाण्यातच ठेवून घ्यावे. लहान मासाही काही क्षणांपेक्षा जास्त वर उचलू नये आणि कल्ल्यांत बोटे घालू नयेत. तो सुस्त वाटला तर बोट अगदी हळू पुढे चालवून त्याच्या उघड्या तोंडातून पाणी वाहू द्यावे, आणि त्याने स्वतः शेपटीचा जोर लावला की हात काढावा.

थवे आणि रात्रीचे दिवे

बोय माशांच्या थव्यात फ्लाय टाकताना ती थव्याच्या मध्यभागी टाकू नये, कारण हजारो खऱ्या माशांत ती हरवते. थव्याच्या कडेला किंवा मागे, एकटा पडलेला मासा वाटावी अशी पांढरी-करडी, बोटभर लांबीची फ्लाय टाकावी. थवा अचानक फुटून पाण्याबाहेर उडाला तर त्या भोकात लगेच टाकावी. इथे लाटा आणि वारा असल्यामुळे ११ किंवा १२ वेटचाच रॉड धरावा.

दिवसा ज्यांना सवड नाही, त्यांनी खाडीकाठच्या धक्क्यांवरच्या दिव्यांची माहिती काढावी. प्रकाशाच्या कडेला कोळंबी आणि लहान मासे जमतात आणि अंधाराच्या बाजूने टार्पन येतो. फ्लाय अंधारात टाकून प्रवाहाबरोबर उजेडाच्या कडेवर येऊ द्यावी. धक्के खासगी असतात, त्यामुळे हे काम बोटीतूनच, आवाज न करता करावे.

परतल्यावर त्याच संध्याकाळी रील, रॉडचे सांधे आणि पक्कड गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत ढकलले जाते. लाइन सौम्य साबणाच्या पाण्यातून काढून सावलीत सुकवावी, टिपेट आणि पुढचा जाड तुकडा दुसऱ्या दिवसासाठी नवीन बांधावा, आणि वापरलेली फ्लाय सुकल्याशिवाय डबीत ठेवू नये. एका ओल्या गळाने डबीतले बाकीचे सगळे गळ गंजतात. पुण्याला परतीच्या प्रवासापूर्वी रॉडची नळी दिवसभर उघडी ठेवावी आणि रीलचा ड्रॅग पूर्ण सैल करावा, म्हणजे पुढच्या सरावाला तो अडकत नाही.